प्लेटमधल्या पेशी मेल्या, पुढे काय? वनस्पतींचे अर्क तपासणाऱ्यांना आणि ते निष्कर्ष छापणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
औषधी वनस्पतींच्या अर्कांची प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवर चाचणी घेणारे संशोधक आणि त्यांचे मार्गदर्शक,
हे संशोधन छापणाऱ्या नियतकालिकांचे संपादक,
आणि त्याच्या बातम्या बाहेर देणारे संशोधन संस्थांचे प्रसिद्धी विभाग

स.न.वि.वि.

नुकतंच एका नियतकालिकाच्या संपादकांकडून मला दोन ओळींचं उत्तर आलं. त्यांनी छापलेल्या एका शोधनिबंधात काही मूलभूत तपशील नव्हते, ते लेखकांकडून मागवून घ्यावेत, अशी विनंती मी केली होती. असे तपशील देणं लेखकांवर बंधनकारक नाही, निबंध तज्ज्ञ-परीक्षणातून गेलेला आहे, तेव्हा विषय इथेच संपतो, असं त्यांनी कळवलं. माझ्या लेखी तो संपलेला नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे.

निबंधात सांगितलं होतं ते असं. एका झाडाच्या पानांचा मिथेनॉलमध्ये काढलेला अर्क पीसी-३ या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींना ७२ तास दिला. २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या मात्रेला चाचणीचं रीडिंग निम्म्यावर आलं. चाचणी एकच, एमटीटी, म्हणजे रंगावरून जिवंत पेशींचा अंदाज घेणारी. सेल लाइन, म्हणजे एकाच मूळ नमुन्यातून प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी, एकच. निरोगी पेशींशी तुलना नाही. संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकात यातून ‘प्रोस्टेट कर्करोगावर गुणकारी वनस्पती’ तयार झाली आणि पुढे तीच बातमी फोनाफोनी फिरत राहिली.

मी पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काम करते. अर्क विरघळवणं, प्लेट (पेशी वाढवायची छोट्या खान्यांची प्लास्टिकची तबकडी) लावणं, रीडिंग घेणं हेच माझं रोजचं काम. आणि माझ्या वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग आहे, हाडांपर्यंत पोचलेला. ती बातमी त्यांच्याकडे आली तेव्हा त्यांचं हार्मोनचं इंजेक्शन जवळ आलं होतं. ते त्यांनी पुढे ढकललं, आधी हा पाला घेऊन बघू म्हणाले. मला विचारलं, “हे तुझ्याच कामातलं आहे ना? मग आम्हाला तूच आधी का नाही सांगितलंस?” इंजेक्शन पुन्हा सुरू होईपर्यंत त्यांचा पीएसए, म्हणजे या आजाराचा जोर दाखवणारं रक्तातलं प्रथिन, वाढलेला होता. मी त्यांना दोष देत नाही. हाडं ठणकत असलेल्या माणसाने एखाद्या संस्थेच्या नावाने आलेल्या बातमीवर विश्वास ठेवायचा नाही, तर कशावर ठेवायचा? २०२२ साली जगात सुमारे १४.७ लाख पुरुषांना हा आजार असल्याचं निदान झालं आणि जवळजवळ ४ लाख त्याने गेले. तुमचा मथळा या सगळ्यांच्या घरी पोचतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण असं काही लिहिलं की ‘हिला झाडपाल्याचं वावडं आहे’ असं म्हटलं जातं. तसं असतं तर मी हे काम केलंच नसतं. १९६२ साली पॅसिफिक यू या वृक्षाची साल गोळा केली गेली आणि तिचा कच्चा अर्क प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी मारतो, हाच पुढच्या सगळ्याचा पहिला धागा होता. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्यातला नेमका रेणू वेगळा काढला आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. पेशी विभागताना लागणाऱ्या सूक्ष्मनलिका तो रेणू जागच्या जागी जखडून ठेवतो, हे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. टॅक्सॉल औषध म्हणून मंजूर व्हायला १९९२ उजाडलं. युरोपीय यूच्या पानांतल्या रेणूपासून बनवलेलं त्याच कुळातलं डोसिटॅक्सेल २००४ मध्ये प्रोस्टेट कर्करोगासाठी मंजूर झालं. हजारावर रुग्णांच्या चाचणीत मध्यक आयुर्मान आधीच्या औषधाने १६.५ महिने होतं, ते डोसिटॅक्सेलने १८.९ महिने झालं. साल गोळा केल्यापासून ४० वर्षांनी हाती आले ते हे अडीच महिने, आणि ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना ते फार मोठे आहेत. हा सगळा प्रवास प्लेटपासूनच सुरू झाला होता. म्हणून प्लेटवरचं काम ढिसाळ झालेलं मला बघवत नाही.

आता तक्रारी.

पहिली झाडाबद्दल. निबंधात वनस्पतीचं शास्त्रीय नाव असतं आणि ‘स्थानिक बाजारातून आणली’ एवढंच. ओळख कुणी पटवली, नमुना कोणत्या वनस्पतिसंग्रहालयात ठेवला, त्याचा क्रमांक काय, याचा पत्ता नसतो. एकाच झाडाचं पान, साल आणि मूळ यांतली रसायनं वेगळी असतात. ऋतू बदलला की ती बदलतात, पाणी वापरलं की एक उतरतं आणि मिथेनॉल वापरलं की दुसरंच. प्रस्तावनेत परंपरेने दिल्या जाणाऱ्या काढ्याचा दाखला द्यायचा आणि चाचणी मात्र मिथेनॉलच्या अर्काची घ्यायची, यात परंपरेचीही परीक्षा होत नाही. अर्काची रासायनिक ओळख कशी द्यावी याची कॉनफायएमपी ही मार्गदर्शक तत्त्वं २०२२ पासून सर्वांसाठी उपलब्ध आहेत. ती उघडून पाहण्याचीही तसदी घेतली जात नाही.

दुसरी पेशींबद्दल. या क्षेत्रात सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या तीन सेल लाइन १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आहेत आणि तिन्ही शरीरात पसरलेल्या गाठींतून आल्या: पीसी-३ हाडातून, डीयू-१४५ मेंदूतून, एलएनकॅप लसीकाग्रंथीतून. पीसी-३ आणि डीयू-१४५ यांच्यात पुरुषी संप्रेरकाचा ग्राही, अँड्रोजन रिसेप्टर, कार्यरत नसतो. प्रत्यक्ष रुग्णांपैकी बहुतेकांचा आजार याच ग्राहीवर पोसला जातो, हार्मोनचे उपचार चालतात ते त्यामुळेच. तरी निबंधामागून निबंध फक्त पीसी-३ वर असतात. कारण प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. पीसी-३ झपाट्याने वाढतात, त्रास देत नाहीत. एलएनकॅप हळू वाढतात, तळाला नीट चिकटत नाहीत, मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) बदलताना जरा जोर झाला की निघून जातात, आणि धुतल्या गेलेल्या पेशी रीडिंगमध्ये मेलेल्या म्हणून मोजल्या जातात. सांभाळायला कटकट आहे, कबूल. पण सोय बघून पेशी निवडायच्या आणि निष्कर्ष मात्र साऱ्या प्रोस्टेट कर्करोगाबद्दल काढायचा, हे मला मान्य नाही.

पेशी नेमक्या कुणाच्या, याचीही खात्री केली जात नाही. टीएसयू-पीआर१ आणि जेसीए-१ या दोन सेल लाइन वर्षानुवर्षं प्रोस्टेटच्या म्हणून वापरल्या गेल्या. त्या मूत्राशयाच्या कर्करोगाच्या टी-२४ पेशी असल्याचं २००१ मध्ये डीएनए तपासून सिद्ध झालं. ही ओळख पटवणारी एसटीआर तपासणी आज सहज करून मिळते, आणि चुकीच्या ओळखीच्या सेल लाइनची आंतरराष्ट्रीय यादीही खुली आहे. पेशींना मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूंचा संसर्ग आहे की नाही हे न पाहता रीडिंग घेणं तर अक्षम्य आहे.

तिसरी तक्रार चाचणीबद्दल, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळा डोलारा याच आकड्यावर उभा असतो. एमटीटी हे पिवळं रसायन आहे. जिवंत पेशी त्याचं क्षपण करतात, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतात, त्यातून फॉर्मझानचे जांभळे स्फटिक होतात, ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरच्या आसपास रंग मोजायचा. रंग गडद म्हणजे पेशी जास्त. १९८३ मध्ये आलेली ही पद्धत स्वस्त आहे, झटपट आहे, आणि कृत्रिम औषधांसाठी बऱ्याचदा पुरेशीही आहे. पण क्षपण करणं ही काही पेशींचीच मक्तेदारी नाही. वनस्पतींतली पॉलिफेनॉल नावाची संयुगं तेच करतात.

आमच्याकडे प्रत्येक प्लेटमध्ये एक ओळ पेशींविना ठेवलेली असते: नुसतं मीडियम आणि वाढत्या मात्रेत अर्क. एमटीटी घालून प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवायची आणि परत काढून बघायची. पुष्कळ अर्कांच्या बाबतीत त्या ओळीतला पिवळा रंग आधी मळतो, मग करडा-जांभळा होतो, आणि सर्वांत जास्त मात्रेच्या खान्यात इतका गडद दिसतो की शेजारच्या पेशी असलेल्या खान्यापासून तो वेगळा ओळखू येत नाही. त्या खान्यात पेशी नावालाही नसते. यंत्र मात्र इमानाने आकडा छापतं, आणि ती पेशींविना ओळ लावलेलीच नसेल तर तो आकडा जिवंत पेशींच्या नावावर जमा होतो.

कधी उलटंही घडतं. काही पॉलिफेनॉल मीडियममध्येच ऑक्सिडाइझ होतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. अशा वेळी त्याच खान्यांत कॅटलेझ हे विकर घातलं की ते पेरॉक्साइड मोडतं, आणि आदल्या दिवशी पेशींचा सडा पाडणारा अर्क अगदी निरुपद्रवी ठरतो. म्हणजे पेशी मेल्या त्या प्लास्टिकच्या खान्यात घडलेल्या रासायनिक क्रियेमुळे. माणसाच्या रक्तात तसंच घडेल असं मानायला काहीही आधार नाही. शिवाय एमटीटीचं रीडिंग उतरलं म्हणजे पेशी मेल्याच असंही नसतं. त्यांची वाढ मंदावलेली असू शकते, किंवा नुसता चयापचय थंडावलेला. ट्रिपॅन ब्लू हा रंग घालून पेशी मोजल्या, प्रथिनांवर आधारलेली एसआरबी चाचणी लावली किंवा अॅनेक्सिन व्ही वापरून पेशी कशा मरताहेत ते पाहिलं, तर यातलं बरंचसं उलगडतं. दुसरी चाचणी नसेल तर पहिलीवर विसंबू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

चौथी तक्रार मात्रेची. २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हा आकडा कागदावर लहान दिसतो. सत्तर किलोच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ४० लिटर पाणी असतं. तेवढ्यात ही मात्रा गाठायची तर ८ ग्रॅम अर्क जसाच्या तसा रक्तात आणि ऊतींत उतरायला हवा, पोटात काहीही वाया न जाता, यकृताने काहीही न मोडता, आणि ७२ तास तसाच टिकायला हवा. वाळलेल्या पाल्याचा दहावा हिस्सा अर्क निघतो असं धरलं तरी हा ८० ग्रॅम पाला झाला. असं शरीरात होत नाही. हळदीतल्या कर्क्युमिनचं उदाहरण बघा. प्लेटमध्ये ते बहुधा १० ते ५० मायक्रोमोलर (द्रावणात किती रेणू आहेत याचं माप) मात्रेत काम करताना दाखवलं जातं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांना दिवसाला ८ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तरी रक्तातली सर्वोच्च पातळी २ मायक्रोमोलरच्या आतच राहिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या निकषांच्या आधारे कच्चा अर्क पुढे नेण्याजोगा मानायचा तर तो २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत परिणामकारक असावा, असा संकेत या क्षेत्रात रूढ आहे. डोसिटॅक्सेल तर नॅनोमोलर, म्हणजे मायक्रोमोलरच्या हजाराव्या हिश्श्यात मोजायच्या, मात्रेत काम करतं. दोनशे-चारशेच्या मात्रेला पेशी मेल्या तर प्रामाणिक निष्कर्ष एकच निघतो, की अर्क फारसा परिणामकारक नाही. तोही उपयोगाचा निष्कर्ष आहे. मग तो तसाच छापा की.

निरोगी पेशींबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण हे सांगावं लागू नये. आरडब्ल्यूपीई-१ सारख्या कर्करोग नसलेल्या प्रोस्टेट पेशीही त्याच मात्रेला मरत असतील, तर तुमच्या हाती विष लागलंय, औषध नाही.

आणि शेवटची तक्रार प्रसिद्धीची. प्रोस्टेट कर्करोगाच्या बाबतीत घाई केली की काय होतं, हे जगाने एकदा पाहिलेलं आहे. पीसी-स्पेस नावाचं आठ वनस्पतींचं मिश्रण १९९६ पासून पूरक आहार म्हणून विकलं जात होतं. प्लेटमध्ये ते एलएनकॅप पेशींची वाढ रोखत होतं, रुग्णांचा पीएसए खरोखर उतरत होता. पण घेणाऱ्यांना स्तनांची वाढ होत होती, काहींच्या रक्तात गुठळ्या होत होत्या, म्हणजे स्त्रीसंप्रेरकाची लक्षणं. पुढे १९९६ ते २००१ या काळातल्या बॅचेस तपासल्यावर त्यांत डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्रीसंप्रेरक, इंडोमेथासिन हे वेदनाशामक आणि वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध सापडलं. २००२ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावं लागलं आणि त्याच्या सुरू असलेल्या वैद्यकीय चाचण्या थांबल्या. अर्काची रासायनिक ओळख आधी नीट झाली असती, तर हे पहिल्याच बॅचला कळलं असतं. माझी पहिली तक्रार तांत्रिक किरकिर वाटली असेल त्यांनी हे पुन्हा वाचावं.

डाळिंबाचा अनुभव चांगल्या अर्थाने शिकण्यासारखा आहे. २००६ मध्ये तुलनेचा गट नसलेल्या चाचणीत पीएसए दुप्पट व्हायला लागणारा सरासरी काळ १५ महिन्यांवरून ५४ महिन्यांवर गेल्याचं दिसलं आणि सगळीकडे गाजावाजा झाला. त्याच मुख्य संशोधकाच्या गटाने पुढे काही रुग्णांना डाळिंबाचा अर्क आणि काहींना प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच मात्रा) देऊन पुन्हा तपासलं. २०१५ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. स्वतःचा गाजलेला निष्कर्ष स्वतःच कठोर परीक्षेला लावणाऱ्या या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मात्र त्या दुसऱ्या निकालाची बातमी माझ्या वडिलांपर्यंत कुणीच पोचवली नाही.

प्रोस्टेटचा कर्करोग ग्रंथीपुरता असताना बहुधा फार संथ असतो, हेही प्रसिद्धी विभागांनी ध्यानात ठेवावं. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट चाचणीत १,६४३ पुरुषांचा १५ वर्षं पाठपुरावा झाला. शस्त्रक्रिया असो, किरणोपचार असोत की नुसती देखरेख, या आजाराने मृत्यू झालेल्यांचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आतबाहेरच होतं. अशा आजारात माणूस काहीही घेत असला तरी दहा वर्षांनी ठणठणीत दिसू शकतो, आणि त्याचं श्रेय तो घेत असलेल्या पाल्याला देतो. हाडांत पसरलेला आजार इतका सबुरीने वागत नाही. ‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?’ हा युक्तिवादही टिकत नाही. सेंट जॉन्स वर्ट ही औषधी वनस्पती यकृतातल्या सीवायपी-३ए४ या विकराचं काम वाढवते, डोसिटॅक्सेल मोडलं जातं ते याच विकराकडून. म्हणजे वनस्पतीतून आलेल्या खऱ्या औषधाची रक्तातली पातळी दुसऱ्या वनस्पतीमुळे खाली येऊ शकते.

यात विद्यार्थ्यांचा दोष मी मानत नाही. एमएस्सीच्या मुलाच्या हाती एक झाड, एक सेल लाइन आणि चार महिने दिले जातात. निकाल ‘निगेटिव्ह’ आला तर निबंध छापला जाणार नाही हे त्याला पहिल्या दिवशी कळलेलं असतं. जे परिणामकारक ठरलं नाही ते कपाटात पडून राहतं, आणि दुसरीकडे दुसरा विद्यार्थी त्याच झाडाच्या मागे पुन्हा चार महिने घालवतो. हे बदलणं मार्गदर्शकांच्या आणि संपादकांच्या हातात आहे, म्हणून माझ्या मागण्या त्यांच्याकडे आहेत.

संशोधकांनी आणि मार्गदर्शकांनी वनस्पतीचा नमुना क्रमांक आणि अर्काचा रासायनिक आलेख दिल्याशिवाय निबंध पाठवू नये. सेल लाइनचा एसटीआर दाखला आणि मायकोप्लाझ्मा तपासणी जोडावी. अँड्रोजन रिसेप्टर असलेली किमान एक सेल लाइन आणि कर्करोग नसलेल्या प्रोस्टेट पेशी चाचणीत असाव्यात. पेशींविना खान्यांची रीडिंग्ज छापावीत आणि एमटीटीला दुसऱ्या पद्धतीची जोड द्यावी. रिकाम्या ओळीसाठी प्लेटमधले आठ-बारा खाने जातात, बाकी काही नाही. जी मात्रा वापरली ती शरीरात गाठता येईल का, याचं उत्तर चर्चेच्या भागात एका परिच्छेदात तरी द्यावं.

संपादकांनी हे तपशील ऐच्छिक न ठेवता निबंध स्वीकारण्याची अट करावी. परिणाम न दिसलेल्या चाचण्यांना, त्या नीट केल्या असतील तर, त्याच मानाने जागा द्यावी.

प्रसिद्धी विभागांनी पहिल्याच वाक्यात लिहावं, की चाचणी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर झाली, माणसांवर नाही, आणि या आधारे कुणीही आपले उपचार थांबवू किंवा पुढे ढकलू नयेत. ज्यांनी हे न लिहिता बातम्या सोडल्या आहेत, त्यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा द्याव्यात.

आणि ज्या संपादकांनी मला विषय संपला असं कळवलं, त्यांच्याकडे वेगळी मागणी आहे. लेखकांकडून वनस्पतीचा नमुना क्रमांक, पीसी-३ चा एसटीआर दाखला आणि पेशींविना खान्यांची रीडिंग्ज मागवा. मिळाली तर निबंधासोबत जोडा. मिळाली नाहीत तर तसं निबंधावर नोंदवा. उत्तर मला पत्राने पाठवू नका, त्या निबंधाच्याच पानावर द्या, तो वाचणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं.

आपली,
पेशीसंवर्धन प्रयोगशाळेत काम करणारी, एका रुग्णाची मुलगी